पान का सडलं?

आमच्या अंजनगावात पानाला वॉरंटी नसते. मळ्यातून खुडलेलं पान एकदा टोपलीत पडलं, की पुढचं सगळं हाताळणाऱ्यावर. माझे शेजारी काकाजी जुने पानमळेवाले. त्यांच्या ओसरीवर ओल्या फडक्याखाली पानांच्या चळती असतात आणि घरातलं कोणी ना कोणी त्या उलटत बसलेलं असतं. तळाचं वर घ्या, वरचं तळाशी घाला, डागी दिसलं की काढा. मी एकदा विचारलं, "काकाजी, पान टिकतं तरी किती दिवस?" ते म्हणाले, "फिरवलं तं टिकते, नाई फिरवलं तं सडते. पानाचं एवढंच रायते, मास्तर."

हे तत्त्वज्ञान मला फार आवडलं. आवडलेलं तत्त्वज्ञान दुसऱ्याला शिकवायचं असतं, स्वतः पाळायचं नसतं, हा शिक्षकी पेशातला जुना रिवाज. त्यामुळे ते मी तिथेच सोडलं आणि अमरावतीला जाऊन गाडी घेतली.

निवृत्तीच्या पैशांचं काय करावं याबद्दल घरात दोन मतं होती. बायकोचं मत, घरावर स्लॅब टाकावा. मुलाचं मत, पैसे त्याच्याकडे द्यावेत. माझं मत कोणी विचारलं नव्हतं, म्हणून मी गाडी घेतली. शोरूममध्ये गाडी आवडल्याचं माझ्या तोंडावर दिसताच टाय लावलेला एक पोरगा पुढे आला. "सर, कंपनीची वॉरंटी तीन वर्षं आहेच. त्यावर आपण दोन वर्षांची एक्स्टेंडेड वॉरंटी घेऊ. पाच वर्षं टेन्शन नाही."

बायको म्हणाली, "तीन वर्षांनंतर काय बिघडणार हाय, ते तुम्हाले आत्ताच माहीत हाय काय?"

या प्रश्नाला उत्तर नसल्यामुळे पोरानं पेढ्यांचा बॉक्स उघडला. मग हार झाला, नारळ झाला, पुठ्ठ्याची भली मोठी किल्ली हातात देऊन फोटो झाला, आणि या धामधुमीत मी चौदा ठिकाणी सह्या केल्या. वॉरंटीची एक गुळगुळीत पुस्तिका मिळाली. मुखपृष्ठावर हसणारं कुटुंब होतं. आत मुंगीच्या पायांएवढी अक्षरं होती. घरी आल्यावर पुढच्या बंपरला लिंबू-मिरची बांधली आणि पुस्तिका कप्प्यात ठेवली. संरक्षणाच्या दोन योजना झाल्या. लिंबू-मिरची मी दर शनिवारी न चुकता बदलली. पुस्तिका उघडली नाही.

गाडीच्या चौथ्या वर्षी मे महिन्यात आम्ही चिखलदऱ्याला निघालो. वऱ्हाडातल्या मे महिन्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही. ज्यांनी तो काढला आहे त्यांना नको असतं, आणि ज्यांनी काढला नाही त्यांना खोटं वाटतं. गाडीत आम्ही दोघं, मेहुणे, त्यांच्या सौभाग्यवती आणि वांग्याची भाजी, रोडगे, मठ्ठा असा ऐवज होता. परतवाडा मागे पडलं, घाट सुरू झाला, एसी जोरात होता, आणि मेहुणे गाविलगडाचा इतिहास मलाच सांगत होते. आता मी तीस वर्षं इतिहास शिकवलेला माणूस. पण मेहुण्यांना मध्येच तोडता येत नाही, हे इतिहासाबाहेरचं ज्ञान मला आहे.

तेवढ्यात बायको म्हणाली, "अहो, कोणीतरी जिलबी काढून राह्यलं वाटते. पाकाचा वास येते."

घाटात जिलबी कोण काढणार? वास आमच्याच बॉनेटमधून येत होता. इंजिन थंड ठेवायला जे कूलंट असतं त्यात पाण्याबरोबर इथिलीन ग्लायकॉल नावाचं रसायन असतं. ते चवीला गोड आणि पोटात गेलं तर विषारी. म्हणून सांडलेलं कूलंट कुत्र्यामांजरांपासून आणि लहान मुलांपासून जपावं लागतं. हे मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच दिसलं की तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला आहे आणि मागे पांढरा धूर निघतो आहे.

शहाण्या माणसानं तिथेच गाडी बंद केली असती. पण दोन वळणं पुढे चहाची टपरी होती आणि सावली होती. मी दोन वळणं गाडी रेटली. त्या दोन वळणांचा हिशेब मला पुढे सविस्तर मिळाला.

टपरीपाशी थांबल्याबरोबर मेहुणे रेडिएटरचं झाकण उघडायला धावले. वरून उतरणाऱ्या काळी-पिवळीच्या ड्रायव्हरनं लांबूनच हाळी दिली, "ओ काकाजी, झाकन नका उघडू! तोंड भाजन!" त्यानं आमच्या घरातलं एक मोठं संकट टाळलं. आतलं पाणी दाबाखाली असतं, त्यामुळे शंभर अंशांच्या वर गेलं तरी ते उकळत नाही. झाकण काढून दाब सोडला की क्षणात त्याची वाफ होऊन उसळते. कुकरची शिट्टी आपण काढत नाही, पण रेडिएटरचं झाकण काढायला अख्खं गाव धावतं.

इथे समोर गाविलगड दिसत होता. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी तो घेतला, तेव्हा त्यांचा सेनानी स्टीव्हन्सन याच्या फौजेनं जड तोफा डोंगरातून नवा रस्ता करत माणसांच्या हातांनी ओढून नेल्या होत्या. आमची गाडी त्याच डोंगरातून टोचन करून खाली आली. ओढण्याची परंपरा जुनी आहे, एवढंच समाधान.

अंजनगावातल्या मिस्त्रींकडे गाडी आली. मिस्त्री दोन्ही हात पाठीमागे बांधून गाडीभोवती फिरले, जणू वधूपरीक्षा चालू आहे. "मी हात नाई लावत, मास्तर. मी हात लावला तं तुमची वॉरंटी जाते. मी नुसता पायतो." मग इंजिन पूर्ण थंड झाल्यावर त्यांनी मलाच झाकण उघडायला लावलं, मलाच गाडी सुरू करायला लावली. रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येऊ लागले, वरणाला उकळी फुटावी तसे. मग मला तेलाचं झाकण काढायला सांगितलं. झाकणाच्या आतून चहाच्या रंगाची साय निघाली.

"गॅस्केट गेलं," मिस्त्री म्हणाले.

मी विचारलं, "म्हणजे काय?"

"हे पाहा. वर हेड, खाले ब्लॉक. मधात गॅस्केट. म्हन्जे वावराचा धुरा समजा. एका वावरात पानी, दुसऱ्यात तेल, तिसऱ्यात इस्तो. धुरा साबूत हाय तवरी तिघं सख्खे शेजारी. धुरा फुटला का पानी तेलात, तेल पान्यात, अन् इस्तो दोघायच्या घरात."

धुरा म्हणजे शेताचा बांध, इस्तो म्हणजे विस्तव. धुऱ्यावरून वऱ्हाडात किती पिढ्या कोर्टात गेल्या, हे मला माहीत होतं. धुरा माझ्या इंजिनातही आहे, हे नव्हतं. गॅस्केट म्हणजे पोलादाचे पातळ पत्रे एकावर एक बसवून केलेली, भोकाभोकांची चपटी पट्टी. पुष्कळ गाड्यांत वरचं हेड ॲल्युमिनियमचं आणि खालचा ब्लॉक बिडाचा. दोघंही तापले की फुगतात, पण ॲल्युमिनियम जास्त फुगतं. त्या ओढाताणीत मधल्या पट्टीला वर्षानुवर्षं दोघांशी जमवून घ्यावं लागतं. एकत्र कुटुंबातल्या मधल्या सुनेसारखं तिचं काम. सगळं सुरळीत असतं तोवर तिची आठवण कोणाला येत नाही. पट्टी स्वस्त असते, पण ती बदलायला अर्धं इंजिन खोलावं लागतं. खर्च मजुरीचा.

मी म्हणालो, "काळजी नाही. एक्स्टेंडेड वॉरंटी आहे."

मिस्त्रींनी पहिल्यांदा माझ्याकडे दयेनं पाहिलं.

अमरावतीच्या सर्व्हिस सेंटरात एसी होता, कॉफीचं मशीन होतं, आणि समोर बसलेला ॲडव्हायझर अत्यंत नम्र होता. नम्र माणसाशी भांडता येत नाही, म्हणून त्यांना तिथे बसवतात. तो म्हणाला, "सर, कूलंट कव्हर होत नाही. ते कंझ्युमेबल आहे."

"अहो, ते मी प्यायलो नाही. तुमच्या गाडीनं प्यायलं."

"बरोबर आहे सर. पण कंझ्युमेबल आहे. गॅस्केट मात्र कव्हर होतं. गळती असेल तर. पाझर असेल तर नाही."

इथे मी खुर्चीत सावरून बसलो. आयुष्यभर मराठी बोललेला माणूस मी. आपल्याकडे पाणी गळतं, पाझरतं, ठिबकतं, झिरपतं, निथळतं, ओघळतं, आणि हातपंपाचं असेल तर येतच नाही. पण यातल्या कोणत्या क्रियापदाला किती पैसे मिळतात, हे व्याकरणात नव्हतं. थेंब जमिनीवर पडला तर गळती. थेंब इंजिनावरच सुकला तर पाझर. माझ्या गाडीचं पाणी इंजिनाच्या आतच जळत होतं, जमिनीवर पडत नव्हतं. म्हणजे गाडीला पाझर फुटला होता, कंपनीला फुटत नव्हता.

"मग खोलून पाहा ना," मी म्हणालो.

"खोलायला वॉरंटी विभागाची परवानगी लागते, सर."

"मग घ्या परवानगी."

"त्यासाठी आतल्या गळतीचा फोटो पाठवावा लागतो."

"आतला फोटो कसा काढणार?"

"खोलून, सर."

मी कॉफी मागितली. कॉफी पिता पिता उरलेलं कळलं. खोललं आणि क्लेम नामंजूर झाला, तर खोलण्याची मजुरी माझी. जोडण्याचीही माझी. दुसऱ्या वर्षाची सर्व्हिसिंग वीस दिवस उशिरा झाली होती. भाचीचं लग्न होतं, पण भाचीचं लग्न कलमात नव्हतं. आणि शेवटची गोष्ट त्यानं फारच हळू आवाजात सांगितली. "सर, इंजिन लाल रेघेला गेल्यावरही गाडी चालवलेली दिसते. गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंद आहे. त्यामुळे हेड वाकलं असेल तर ते कव्हर होणार नाही."

दोन वळणं! मेहुण्यांनी तोंड उघडलं नाही, काळी-पिवळीवाल्यानं उघडलं नाही, टपरीवाल्यानं उघडलं नाही. चुगली माझ्याच गाडीनं केली.

"हे सगळं आधी का सांगितलं नाही?"

"पुस्तिकेत यादी आहे, सर. मागच्या बाजूला."

यादी! हा शब्द कानावर पडला आणि तीस वर्षांचा फळा माझ्यासमोर उभा राहिला. आमच्या गावचं नाव इतिहासाच्या पुस्तकात आहे ते ३० डिसेंबर १८०३ च्या तहामुळे. सुर्जी-अंजनगावचा तह. एका बाजूला दौलतराव शिंदे, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीतर्फे आर्थर वेलस्ली. आडगावची लढाई झाली, पाठोपाठ गाविलगड पडला, नागपूरकर भोसल्यांनी १७ डिसेंबरला देवगावात तह केला, आणि मग शिंद्यांची सही आमच्या गावी झाली. गंगा-यमुनेमधला मुलूख, दिल्ली, आग्रा, भडोच, अहमदनगर, सगळं कंपनीकडे गेलं. 'तहाची कलमे लिहा, गुण पाच' असा प्रश्न मी वर्षानुवर्षं काढला.

त्या तहात एक कलम असं होतं की, शिंद्यांच्या जुन्या मांडलिकांशी कंपनीनं जे करार केले आहेत ते शिंद्यांनी मान्य करावेत, आणि ते मांडलिक कोण याची यादी गव्हर्नर जनरलनं तहाला मंजुरी दिल्यावर मिळेल. म्हणजे सही आज करा, यादी नंतर देऊ. त्यातूनच ग्वाल्हेर आणि गोहद कोणाचे याचा वाद पेटला. कंपनी म्हणाली, ते कलमात बसतं. शिंदे म्हणाले, ते आमचंच. खुद्द आर्थर वेलस्लीचं मत ग्वाल्हेर शिंद्यांना द्यावं असं होतं, पण गव्हर्नर जनरल असलेल्या त्याच्या थोरल्या भावाला ते पटलं नाही. म्हणजे सही घेणारा ॲडव्हायझर नम्र होता, अडलं ते वरच्या वॉरंटी विभागात. ग्वाल्हेर शिंद्यांना परत मिळालं १८०५ मध्ये, नव्या तहानं.

हा तह मी तीस वर्षं शिकवला, आणि त्याच गावातून उठून, चौदा सह्या करून, यादी न वाचता घरी आलो. शिंद्यांवर निदान फौजेचा दाब होता. माझ्यावर पेढ्यांचा होता.

घरी आल्यावर अमेरिकेतल्या भाच्याला फोन लावला. परदेशात सगळं चांगलं असतं, हे ऐकून दुःख वाढवायची माझी जुनी सवय आहे. त्यानं सुबारू कंपनीची गोष्ट सांगितली. त्यांच्या अडीच लिटर इंजिनाच्या काही गाड्यांत हेड गॅस्केटमधून कूलंट बाहेर पाझरायचं. तक्रारी वाढल्यावर कंपनीनं स्वतःहून त्या दोषाचं संरक्षण आठ वर्षं किंवा एक लाख मैलांपर्यंत वाढवलं. मी म्हणालो, "पाहा! याला म्हणतात कंपनी." भाचा म्हणाला, "मामा, त्यालाही अट होती. कूलंटमध्ये कंपनीचं एक कंडिशनर वेळेवर घालून घ्यायचं. नाही घातलं तर संरक्षण नाही." म्हणजे सातासमुद्रापलीकडेही अट आहेच. फक्त तिथे पाझराला गळतीचा दर्जा होता. तेवढ्यापुरतं मला त्या देशाबद्दल प्रेम वाटलं.

गाडी सर्व्हिस सेंटरात पडून राहिली आणि मी एसटीनं हिंडू लागलो. आमच्या गावावरून जाणारी शकुंतला धावत असती तर तिनंही गेलो असतो. मूर्तिजापूर-अचलपूर ही नॅरोगेज गाडी ओढणारं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला तयार झालं आणि १९२३ पासून १९९४ पर्यंत चाललं. सत्तर वर्षं. ते सगळ्यांसमक्ष पाणी प्यायचं, सगळ्यांसमक्ष वाफ सोडायचं. त्याची गळती कोणालाही दिसायची आणि कोणी तिला पाझर म्हणत नव्हतं.

इकडे आमच्या सौभाग्यवतींनी जे मी चार वर्षांत केलं नाही ते एका दुपारी केलं. चष्मा लावला, भिंग घेतलं आणि पुस्तिका पहिल्या पानापासून वाचली. तांदूळ निवडावेत तशी कलमं निवडली. सतराव्या पानावर त्यांना तीन खडे सापडले. एक, क्लेम नाकारला तर कारण लेखी मिळालं पाहिजे. दोन, सर्व्हिसिंगला तीस दिवसांपर्यंतचा उशीर चालतो. माझे वीस होते! तीन, गॅस्केटमुळे तेल आणि कूलंट एकमेकांत मिसळलं तर तो बिघाड कव्हर आहे. पाझर आणि गळती यांचा तिथे संबंधच नव्हता. चहाच्या रंगाची ती साय म्हणजेच पुरावा होता, आणि तिचा फोटो काढायला इंजिन खोलावं लागत नव्हतं.

मग त्यांनी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, सर्व्हिस सेंटरला लेखी पत्र दिलं आणि पत्रात ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याचा उल्लेख केला. या कायद्यात 'अनुचित करार' अशी स्वतंत्र व्याख्याच आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीचं शुल्क लागत नाही, तक्रार घरबसल्या ऑनलाइन करता येते, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते. हे सगळं बायकोनं मला सांगितलं तेव्हा मी एवढंच विचारलं, "हे तुला कसं कळलं?" ती म्हणाली, "विचारलं म्हणून."

विचारणं ही खरं तर आमच्या तालुक्याची देणगी. गाडगेबाबांचा जन्म १८७६ साली शेंडगावचा, म्हणजे आमच्याच अंजनगाव सुर्जी तालुक्यातला. कीर्तनात बाबा समोरच्या माणसांना प्रश्नामागून प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. शोरूममध्ये बायकोनं एक प्रश्न विचारला होता. मी पेढा खाल्ला होता.

लेखी पत्रानंतर नवव्या दिवशी फोन आला. गॅस्केट, नवे बोल्ट आणि मजुरी कंपनीची. मशीनवर हेड सपाट करून घेण्याचा खर्च माझा, कारण दोन वळणं माझी. कूलंट माझं, कारण ते कंझ्युमेबल. मी तह मान्य केला. शिंद्यांना ग्वाल्हेर मिळायला दोन वर्षं लागली, मला हेड मिळायला सव्वा महिना. सही मात्र या वेळी बायकोनं वाचून झाल्यावरच केली.

गाडी घरी आली त्या संध्याकाळी काकाजी पाहायला आले. ओसरीवर बसून त्यांनी चंची उघडली, पान निवडलं, पुसलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. मी सगळी कहाणी सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि मला पोरांना घालतात तसं जुनं कोडं घातलं. "घोडा काऊन अडला, भाकर काऊन करपली, पान काऊन सडलं?"

उत्तर अख्ख्या महाराष्ट्राला पाठ आहे. न फिरवल्यामुळे.

काकाजींच्या टोपलीतल्या पानालाही पान म्हणतात आणि पुस्तिकेतल्या पानालाही पानच म्हणतात, हे मला वयाच्या साठीनंतर समजलं. आता दर रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, मी कूलंटच्या टाकीवरच्या दोन रेघांच्या मधे पाणी आहे का ते पाहतो. काटा वर चढला की सावली शोधत नाही, जिथे असेन तिथे गाडी बंद करतो. लिंबू-मिरचीही बदलतो, कारण तिनं तरी कधी यादी दिलेली नाही.

तुमच्याही गाडीच्या कप्प्यात ती पुस्तिका असेल. आज काढा आणि उलटून पाहा. माझ्या कामाची कलमं सतराव्या पानावर होती. सही मी पहिल्या पानावर केली होती.